तपासनीसाचे दात

बस भूषण. बोलू नकोस, दिसतंय मला:
उजव्या गालात अख्खा लासलगावचा कांदा.
लवंग धरलीस? धर. पण लवंग
वेळ काढते, दात काढत नाही.

मी तेहेतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा उजेडाला धरून पाहिल्या.
शाई पुसट, बाद. कड तिरपी, बाद.
नंबर केसभर सरकला, बाद, बाद.
आणि घरी रोज सकाळी हाच तपासनीस
आरशापुढे आ वासून काळी दाढ बघायचा
आणि म्हणायचा, "चालेल."

भूषणा, 'चालेल' हा पहिला रोग.
कीड मागाहून येते, रिकामी खोली बघून.

तर घास. रात्री घास.
सकाळी एकदाच घासणं म्हणजे
चोर जेवून गेल्यावर कडी लावणं.
आणि रेटू नकोस इतका, हिरडी आहे ती,
भांडीबाजारातला पितळी हंडा नाही.
तुझा ब्रश दाखव. बघ, माझ्या डोक्यासारखा झालाय:
कडेला दोघे-चौघे वाकलेले, मध्ये मोकळं मैदान.
तो सायकलच्या चेनला दे, नवा आण.
कोरायला सेफ्टी पिन नको, स्कूटरची चावी तर नकोच
(तुझ्या बापाने तेच केलं, चावी वाकली).
मिश्रीने दात लोखंडासारखे होतात, म्हणायची सोनूआत्या.
झाले.
रंगाने.

माझी दाढ कशात गेली विचार.
उसात नाही, सुपारीत नाही.
मखमलाबाद रोडला, रविवारच्या मिसळीवर,
पापड कडाकडा चावला, काही झालं नाही,
आणि शेवटी जिलेबीत. मऊ जिलेबीत, रे!
तुकडा शर्टाच्या खिशात टाकला, सुट्ट्या पैशांत.
सिटी बसमध्ये कंडक्टरने तो तळहातावर घेतला,
उलटा केला, उजेडाला धरला:
"काका, हे चालणार नाही."
तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा
मीच बाद झालो, शालिमार यायच्या आत.

मग डॉक्टर कर्डकबाई. वय तुझ्याएवढं.
दिवा, आरसा, आणि हुबेहूब माझी जुनी नजर:
"हा बाद. हाही. हा वाचला असता,
दोन वर्षं आधी आला असतात तर."
तेव्हा कळलं मला, नोटांना कसं वाटत असेल.

वरची कवळी झाली. ती ऐटीत घालून
रंगपंचमीला जुन्या नाशकात गेलो,
लोकांनी "काका, काका" केलं, रहाडीत उडी मारली.
वर आलो तो मी. कवळी आली नाही.
चार पोरांनी पायाने तळ चाचपला,
एकाला कुणाचा तरी चष्मा सापडला.
मग फळ्या, माती. रहाड बुजली,
आणि वर्षभर माझं हसू रस्त्याखाली,
वरून रिक्षा जायच्या, मी ऐकत उभा राहायचो.

पुढल्या साली निघाली. धुतली, उकळली,
घासली (बघ, तेव्हा किती मन लावून घासली!).
अजून कडेला रंग आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या,
"नवी करून घ्या." मी म्हणालो…
जाऊ दे, काय म्हणालो ते.

तू ऊठ. चप्पल घाल.
साडेपाचचा नंबर लावलाय तुझ्या नावाने.
सुई टोचताना दुखतं, बिल बघताना दुखतं,
मधलं काही कळत नाही.
बाई म्हणाल्या "आ करा" की मोठा आ कर,
लाजू नकोस, मी बाहेर बाकावर आहे.
एक बाद झाला तर होऊ दे.
तुझे एकतीस
अजून चलनात आहेत.